डोमाजींचं सरण आणि शुभदाचा नियम

वाईला परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी भंडाऱ्याची हकिकत सांगतो आहे. परिणाम असा झालाय की मी लांबून दिसलो तरी कट्ट्यावरचे मित्र चपला शोधायला लागतात. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं. ज्याला वाचायचं तो वाचेल, आणि मुलीचं कौतुक मी किती वेळा केलं हे ऐकून कंटाळायला समोर कोणी नसेल.

मी आयुष्यभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज साताऱ्यापासून दुबईपर्यंत दारं-खिडक्या बसवतात. माझी एकुलती एक मुलगी शुभदा मात्र काय करते, हे मला कोणाला धड सांगता येत नसे. लग्नकार्यात कोणी विचारलं की मी म्हणायचो, "धोरण आखते." समोरचा "अरे वा" म्हणून जिलेबीकडे वळायचा. धोरण म्हणजे पाट नव्हे की चौरंग नव्हे, की घ्या, बसून बघा. ती तुमसर तालुक्यातल्या काही ग्रामपंचायतींना लाकूड, काडीकचरा आणि जळण यांचा वापर कसा करावा याचे नियम बसवून द्यायच्या कामावर होती. फोनवर तिने मला हे अनेकदा समजावलं आणि मी प्रत्येक वेळी "हो हो" म्हटलं. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, इकडे या आणि डोळ्यांनी बघा." म्हणून थंडीत, धान कापून झाल्यावर, मी निघालो.

तुमसर

स्टेशनवर शुभदा स्कूटर घेऊन आली होती. तिच्या मागे बसायचं म्हणजे माझ्यासारख्याची परीक्षाच. रस्त्यावरून मँगनीजच्या खाणीचे ट्रक जात होते आणि त्यांच्या काळ्या धुळीने माझा पांढरा शर्ट पहिल्या तासातच कामावरचा झाला. घरी न नेता तिने मला थेट गावाबाहेरच्या एका कारखान्यात नेलं. तिथे शेतातला काडीकचरा आणि लाकूड दळून, दाबून, बोटाएवढ्या कांड्या करतात आणि त्या वीजकेंद्रात कोळशाबरोबर जाळायला पाठवतात.

आवारात ढीग होता. तुराट्या, तणस म्हणजे भाताचा पेंढा, राईस मिलमधला भुसा. इथवर मला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे गुऱ्हाळावर उसाची चिपाडं चुलवणात घालतातच. पण ढिगाला वळसा घातला आणि मी थांबलो. तुराट्यांच्या खालून सागवानी दाराचं एक फळकुट बाहेर आलं होतं. मी ते ओढून काढलं. सांधा जसाच्या तसा, लाकडी खुंटी अजून घट्ट. त्याच्या खाली बैलगाडीचं जू, बाजेचे कातलेले पाय.

"अहो, हे दळणार तुम्ही?" मी व्यवस्थापकाला विचारलं. माझा आवाज चढला होता, हे शुभदाने कोपर टोचल्यावर मला कळलं.

तो बिचारा सभ्य माणूस होता. "काकाजी, आमच्या अठी सगळं वजनावर. लोक आणून देतात, आम्ही घेतो. दार वेगळं काढून ठेवलं तं त्याचं करू काय? कोणी मागत नाई."

वजनावर! सागाचं दार आणि तुराटी एका काट्यावर! मला रागाने घाम आला. शुभदा मात्र शांत होती. परतताना तिने स्कूटर कडेला घेतली आणि जे फोनवर कधी कळलं नव्हतं ते तिथे धुळीत उभं राहून सांगितलं. कोळसा वाचावा म्हणून कांड्या जाळायला सरकार उत्तेजन देतं, आणि ते चांगलंच आहे. पण जुन्या लाकडाची वस्तू करणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला तसं काही मिळत नाही. मग सगळं लाकूड उताराच्या पाण्यासारखं आगीकडेच धावतं. तिचं म्हणणं एवढंच की लाकडाला आधी वस्तू होऊ द्या. मोडली तर दुरुस्त करा, मग तिच्यातून लहान वस्तू काढा, मग भुगा करून त्याच्या फळ्या दाबा. यातलं काहीच उरलं नाही की मग जाळा, आणि राख शेतात टाका. तणसाचंही तसंच, आधी गुरं, मग अळिंबी, मग खत. आगीला नकार नाही, पण तिचा नंबर शेवटचा.

"एवढंच?" मी म्हटलं. "हे तर कुठलाही सुतार सांगेल."

"सुतार सांगेल बाबा. पण एका सुताराने सांगणं वेगळं आणि अख्ख्या गावाने ठरवणं वेगळं." ती म्हणाली आणि स्कूटर चालू केली. मला तिचं बोलणं पटलं, पण तसं मी लगेच कबूल केलं नाही.

बपेऱ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरीच्या जंगलाकडून फिरून आम्ही बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांनी मला पाहुणा म्हणून जेवू घातलं, वर्तमानपत्रात घालायला नाही. जंगलातून बाहेर पडलं की एकदम सपाट, बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा मुलूख लागतो. धान कापलेल्या बांध्यांत हिरवीगार लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, उगवली होती. इकडे ती कापणीच्या आधीच ओल्या जमिनीत फोकून पेरतात, म्हणजे एका ओलीत दुसरं पीक. मध्य प्रदेशची हद्द इतकी जवळ की दुकानदार एक वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो.

शुभदाला सरपंच रेखाबाईंकडे काम होतं. तोवर मला तिने डोमाजी नावाच्या एका वयस्क शेतकऱ्याच्या घरी सोडलं. डोमाजी म्हणजे गावातला मोठा माणूस. पैशाने नाही, शब्दाने. ते घरात नव्हते. त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, घरामागच्या सांदवाडीत बसायला सांगितलं आणि त्या चहा करायला गेल्या. तिथे कवेलूच्या छपराखाली लाकडाचे ओंडके रचून ठेवले होते. स्कूटरवरून माझी कंबर मोडली होती. मी सरळ त्या रचाईवर बसलो.

बसलो आणि हाताला लाकूड लागलं. सुताराचा हात गप्प बसत नाही. मी टिचकी मारून पाहिली, वाकून टोकं पाहिली. बिजाचं, म्हणजे आपल्याकडच्या बिबळ्याचं लाकूड होतं! जमिनीचा ओलावा लागू नये म्हणून खाली दगड. मध्ये वारा खेळावा म्हणून प्रत्येक थराला काड्या. टोकं तडकू नयेत म्हणून शेणाने लिंपलेली. मी पोरांना जन्मभर हेच शिकवलं आणि एकानेही इतकं नीट केलं नाही.

तेवढ्यात डोमाजी आले. उंच, वाळलेले, खांद्यावर दुपट्टा.

"काय सुरेख लाकूड वाळवलंय तुम्ही!" मी बसल्या बसल्याच म्हणालो. "कशासाठी ठेवलंय?"

चहा घेऊन आलेल्या सगुणाबाई पदराआड हसल्या. "त्याइच्या सरणासाठी हाय जी."

मी विंचू चावल्यासारखा उठलो. त्यांनी पुढे केलेला कप हिंदकळला, धोतराला कधी नाही ते चहाचा डाग पडला. डोमाजींनी माझा हात धरून मला पुन्हा खाली बसवलं.

"बसा जी, बसा. अजून टाइम हाय."

मग कळलं की या गावात ही जुनी रीत आहे. माणूस थकायला लागला की तो आपलं लाकूड आपणच जमवून ठेवतो. पावसाळ्यात मेलो तर पोरांची धावपळ नको, ओल्या लाकडाचा धूर नको. कोणाकडे आंब्याचं, कोणाकडे साजाचं, म्हणजे ऐनाचं. डोमाजींच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा बिजा वादळात पडला होता, तो त्यांनी इतक्या निगुतीने ठेवला होता. आमच्याकडे मरणाचं नाव काढलं तरी बायका "शुभ बोला" म्हणतात. इथे माणूस आपल्या सरणावर मिरच्या वाळत घालतो. मला ते आवडलं, आणि त्याच वेळी माझ्यातला सुतार मनातल्या मनात आक्रोश करत होता. इतकं पिकलेलं लाकूड, आणि थेट आगीत!

जेवायला चिन्नोरचा भात होता. झाकण काढलं आणि वास पार ओसरीपर्यंत गेला. बरोबर तलावातल्या झिंग्यांचं कालवण आणि कमळाच्या देठांची भाजी. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. भाकरी मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या घासानंतर तिची आठवणही राहिली नाही.

जेवता जेवता डोमाजी म्हणाले, "तुमची पोरगी हुशार हाय, काकाजी. पण तिचा नियम मी पास होऊ देणार नाई."

शुभदाच्या ठरावातलं मुख्य वाक्य असं होतं, की जोवर लाकडाचा दुसरा उपयोग शिल्लक आहे तोवर ते जाळू नये. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याचा अर्थ नेमका लावला होता. त्यांच्या सांदवाडीतली लाकडं या वाक्यात बसत होती. ग्रामसभा परवावर होती. ठराव पडला तर कारखान्याशी करार होणार होता आणि गावातलं सगळं लाकूड, पाडायला घेतलेल्या जुन्या शाळेसकट, काट्यावर जाणार होतं. शेजारची गावं या गावाकडे पाहून ठरवणार होती. शुभदाने ज्यासाठी उन्हातान्हात हा तालुका पालथा घातला, ते सगळं डोमाजींच्या एका मानेवर येऊन थांबलं होतं.

ग्रामसभा

सभा शाळेच्या पटांगणात भरली. बायका निम्म्याहून जास्त होत्या, हे पाहून मी चकित झालो. आमच्या गावच्या सभेत खुर्च्या जास्त असतात. शुभदाने ठराव वाचला. तुमसरला मला सांगितलं तसंच, पण सोप्या शब्दांत सांगितलं. आवाज कुठे कापला नाही. मी मागे बसून छाती फुगवत होतो.

मग डोमाजी उठले. कोणीतरी चालू ठेवलेली पाण्याची मोटरसुद्धा बंद झाली.

"पोरी, मी कितीक वर्षं धान पेरून राहिलो. चांगला तांदूळ इकला, पोटाले कणी ठेवली. अंगाले चांगलं कापड कवा घेतलं नाई. एक लाकूड तेवढं चांगलं ठेवलं हाय. जाताना तरी मानूस चांगल्यावर जावा का नाई?"

म्हाताऱ्यांच्या रांगेत माना हलल्या. रेखाबाईंनी शुभदाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मुद्दे मांडेल. तिच्याकडे मुद्दे होते, मला पाठ झाले होते. पण ती म्हणाली, "आबाजी, तुमचं बरोबर आहे. मी नियमात लिहिते, अंत्यविधीच्या लाकडाला हा नियम लागू नाही. चालेल?"

सभेने सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र चिडलो. ही सरळ सरळ माघार होती. एक भोक पाडलं की त्यातून अख्खं जंगल जातं! पोरगी मऊ पडली, आईवर गेली, असं काहीबाही मी मनात बडबडत होतो. रेखाबाई म्हणाल्या, "चला, मंग मंजूर का?"

डोमाजी खाली बसले नव्हते.

"थांबा जी. मले काहून बाहेर काढून राहिली, पोरी?"

"बाहेर नाही आबाजी, सूट दिली."

"सूट म्हंजे बाहेरच. गावाचा नियम सगळ्याइले, आन् डोमाले नाई? तलावाचं पाणी वाटलं तवा मी सूट मांगतली का? धुऱ्याचा नियम झाला तवा मांगतली का? मी अजून मेलो नाई. गावातच हाय." त्यांचा आवाज दुखावलेला होता. "पोट्टे म्हणतीन, बुढ्याइचा कायदा येगळा. मंग तेही एकेक सूट मांगतीन. असा नियम कायले करता?"

शुभदा पेन हातात धरून त्यांच्याकडे पाहत होती. डोमाजी तसेच उभे. मग त्यांनी पाठीमागे, पाडत आणलेल्या जुन्या शाळेकडे बोट केलं.

"शाळेच्या नव्या खोलीले दार नाई. माहा बिजा घ्या, दार करा, खिडक्या करा. आन् ते जुन्या शाळेची चौकट मले द्या. खाली वाळवी लागली हाय, तिचं दार होत नाई आता. मी त्या चौकटीतून पहिलीत गेलो. माहे पोट्टे गेले, नातू गेले, अठी बसला तो सारा गाव गेला. माह्या सरणाले ते आन् गवऱ्या, पुरते तेवढं. यापरीस चांगलं लाकूड अख्ख्या जंगलात नाई."

मागून सगुणाबाई म्हणाल्या, "आन् मले?"

"तुले खिडकीची चौकट," डोमाजी म्हणाले, आणि पटांगण हसलं.

एकेक करून म्हातारे उठले. कोणी साजा दिला, कोणी आंबा. शुभदाने सूट देणारं वाक्य सगळ्यांसमोर खोडलं. ठराव मंजूर झाला आणि पहिली सही डोमाजींनी केली, मोठ्या, सावकाश अक्षरांत. माझे डोळे भरून आले होते. शेजारच्या बाईंना मी न विचारताच सांगितलं, "ती माझी मुलगी आहे." त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय जी, तुमी सकाळपासून सांगून राहिले."

परतताना मी शुभदाला विचारलं, "तुला माहीत होतं, सूट दिली की म्हातारा असा उसळेल?"

"नाही बाबा. मी खरंच सूट देत होते. त्यांच्या मरणावर माझा नियम कसा लादणार?" थोडं अंतर गेल्यावर तीच म्हणाली, "पण खोडताना फार बरं वाटलं." मी तिच्या मागे बसलो होतो म्हणून तिला माझा चेहरा दिसला नाही, ते बरं झालं.

सिहोरा

मी चार दिवसांसाठी आलो होतो, पण आता दार झाल्याशिवाय हलणार नव्हतो. लाकूड हलवायची परवानगी शुभदाने काढून आणली आणि आम्ही ओंडके सिहोऱ्याच्या आरा मशीनवर चिरून गावात आणले. गावचा वाढई बरोबर होता. इकडे सुताराला वाढई म्हणतात. आधी आमचं जमेना. तो रंधा एका पद्धतीने धरतो, मी दुसऱ्या. दोघांनीही एकमेकांकडे पाहून "असं पण चालते" असं म्हणून घेतलं आणि कामाला लागलो. बिजाचा भुगा घामाला लागला की हात पिवळे होतात. पहिल्या दिवशी मी हळद लागलेल्या नवऱ्यासारखे हात घेऊन जेवायला बसलो आणि सगुणाबाईंनी सगळ्या गल्लीला बोलावून ते दाखवले.

दार उभं राहिलं तेव्हा मी ते चार वेळा उघडून लावून पाहिलं. आवाज नाही, अडकणं नाही. उरलेल्या तुकड्यांची पोळपाट-लाटणी झाली. भुगाही कोणी फेकला नाही, दोन घरांनी मागून नेला. कारखान्याचा माणूस गाडी घेऊन आला होता, त्याला ढलप्या आणि तुराट्या मिळाल्या. तो हसत म्हणाला, "काकाजी, तुमच्या पोरीनं आमचं वजन कमी केलं." मी म्हणालो, "हो, केलंच." नव्या दारातून पहिल्यांदा डोमाजींना आत जाऊ दिलं. ते गेले, परत आले, आणि कडीला हात लावून म्हणाले, "बिजा बरा निघाला." आयुष्यात मला अनेक साहेबांनी शाबासकी दिली, पण ही वेगळी होती.

निघण्याच्या सकाळी मी डोमाजींचा निरोप घ्यायला गेलो. शुभदा सोबत होती. आदल्या दिवशी जुन्या शाळेची चौकट त्यांच्याकडे पोचवली होती. ती त्या छपराखाली नीट रचून ठेवलेली असेल, असं मला वाटलं होतं. छप्पर रिकामं होतं. डोमाजी सांदवाडीच्या टोकाला घामाघूम होऊन उभे होते. वाळवीचा भाग कापून त्यांनी चौकट जमिनीत पुरली होती आणि कुंपणावर लोळणारा वालाचा वेल सुतळीने तिच्यावर चढवत होते.

"आबाजी, हे तर तुमचं सरण!" मी म्हणालो.

"हो जी. पण दुसरा उपयोग निंगून राहिला तवरक जाळता येत नाई. नियमावर माही सही हाय." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "म्हंजे आता मलेही थांबा लागते."

शुभदा पुढे गेली. कामावर असते तसा गंभीर चेहरा करून तिने चौकट हलवून पाहिली, वाकून खालून पाहिली. "वेल झाला की कोंबड्यांचं खुराडं होईल," ती म्हणाली. "अजून दोन उपयोग तरी निघतील, आबाजी."

म्हातारा एकदम भडकला.

"दोन? नीट पाह्य, पोरी. तीन."